सुरंगीची चाळीस उत्तरे

“लोक आपल्यावर पाळत ठेवतात, असे आपल्याला वाटते का?” मी वाचले.

“व्हय.”

“हो किंवा नाही, एवढंच सांगायचं.”

“व्हयच म्हनले की.”

पुढे काही विचारायचे नाही, असा नियम होता. तरी मी विचारले, “कोण ठेवतं?”

“हवालदार. मंगळवारी येतो, आन् बाजाराच्या दिशी. पालावरची मानसं मोजून जातो. एक जरी कमी भरलं तर तितंच बसून ऱ्हातो.”

मी ‘हो’च्या चौकटीत खूण केली. “आपण न केलेल्या गोष्टींचा दोष आपल्यावर येतो का?”

सुरंगीने दाराशी बसलेल्या हौसाबाईंकडे पाहिले. हौसाबाई महिला विभागाच्या परिचारिका. बावीस वर्षे त्याच दाराशी बसून त्यांच्या चेहऱ्यावर दाराचाच रंग चढला होता. “ह्यो बाबा नवा हाय का गं?” सुरंगीने त्यांना विचारले.

“नवाच आहे. सांग त्याला काय ते.”

“व्हय, लिवा.”

“लोक आपल्या पाठीमागे आपल्याविषयी कुजबुजतात का?”

“पाठीमागं कशाला? तोंडावरच बोलत्यात. व्हय.”

“रात्री कोणीतरी दार वाजवते आहे, असा भास होतो का?”

“दार कुटलं? पाल हाय आमचं.”

“मग काही ऐकू येतं?”

“जीप येती.”

“भास होतो, की खरंच येते?”

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. वेड्यांच्या इस्पितळात सहा महिने काढल्यावर माणसाला जी सहनशीलता येते, ती तिच्या नजरेत होती. “जीप,” ती म्हणाली.

मी ‘हो’ला खूण केली.

हे १९७८ सालचे. त्या शहराचे नाव सांगून काही साधणार नाही. असे इस्पितळ तेव्हा एकाहून अधिक शहरांत होते. मी तिथे संशोधन सहायक होतो, हंगामी, महिना साडेतीनशे रुपयांवर, आणि इस्पितळाचे अधीक्षक डॉ. चिंतामणी ओगले माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक होते. माझ्या हातातली चाळीस प्रश्नांची सूची त्यांनीच एका परदेशी चाचणीवरून मराठीत सिद्ध केली होती. मराठी उत्तम होते. तीनशे बारा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तिची प्रमाणके बांधली होती आणि पंधराहून अधिक ‘हो’ आले की संशयविकृती समजावी, असा संकेत होता. मी स्वतः ती भरली तेव्हा माझे ‘हो’ तीन आले होते. पुढे काही वर्षांनी मला कळले की तेवढा निरोगी मी कधीच नव्हतो. मला फक्त काय लिहायचे ते ठाऊक होते.

सुरंगी काळे फासेपारधी होती. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांपैकी एकीतली. स्वराज्याने तो कायदा मोडीत काढला. सवय मात्र चालू राहू दिली. तिच्या नवऱ्याला एके दुपारी जीपमधून नेले, तो परतला नाही. ती तालुक्याच्या एसटी स्थानकावर तीन दिवस ओरडत राहिली. चौथ्या दिवशी तिला वेड्यांच्या कायद्याखाली आमच्याकडे आणले आणि दोन वर्षांची मुलगी बालगृहात दिली. केसपेपरवर पहिल्या दिवसाची नोंद होती: ‘रुग्ण अगम्य ध्वनी काढते.’ ती पारधी बोलत होती. खाली दुसरी नोंद होती: ‘मुलीचे नाव विचारता सरकारी कार्यालयाचा उल्लेख करते.’

“मुलीचं नाव काय?” मी तिला विचारले.

“कचेरी.”

“अगं, मुलीचं नाव विचारतोय.”

“त्येच सांगतीया. तिच्या बापाची तारीख व्हती, कचेरीच्या आवारात झाली. म्हनून कचेरी.” मग तिने विचारले, “तिला बगितली का तुमी? केस कापले का तिचे? नका कापू म्हनावं. देवीचे हायेत.”

सूची तिला ‘आपण’ म्हणत असे. मी ‘तू’ म्हणत असे. सूचीच्या छपाईचा खर्च आणि माझा पगार एकाच खात्यातून निघत होते.

चाळीसपैकी चौतीस ‘हो’ आले. इस्पितळाच्या इतिहासातला तो उच्चांक होता. मी तो कागद घेऊन डॉ. ओगल्यांकडे गेलो. ते सज्जन गृहस्थ होते, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. रुग्णांवर हात उगारणाऱ्या दोन परिचारकांना त्यांनी घरी पाठवले होते. संस्कृत काव्य त्यांना मुखोद्गत होते आणि नाताळात ते प्रत्येक कोठडीत संत्री वाटत.

“सर, ही उत्तरं खरी आहेत,” मी म्हणालो. “हवालदार खरंच येतो. जीप खरंच येते.”

“असेलही.”

“मग तो भ्रम कसा?”

“नेर्लेकर, उत्तर खरं की खोटं, याच्याशी सूचीला कर्तव्य नाही. निरोगी माणूस जे उत्तर देतो ते आपण मोजून ठेवलंय. त्यापासून ही बाई किती दूर आहे, एवढंच पाहायचं.”

“निरोगी म्हणजे ते तीनशे बारा विद्यार्थी.”

“तुम्हाला पारध्यांची प्रमाणकं हवीत का? काढा. आणा तीनशे पारधी इथे रांगेत. येतील?”

“आणि सगळ्यांचे चौतीस आले तर?”

डॉ. ओगले हसले. त्यात कुत्सितपणा नव्हता. विद्यार्थी चांगला प्रश्न विचारतो तेव्हा गुरूला जे समाधान होते, ते होते. “तर सबंध जमातच आजारी आहे, असं लिहावं लागेल. तुमचा प्रबंध गाजेल.”

मग त्यांनी टेबलावरचे एक पत्र माझ्याकडे सरकवले. बालगृहाचे होते. मुलीची आई अभ्यागत समितीच्या येत्या बैठकीत बरी ठरून मुक्त झाली नाही, तर मुलगी दुसऱ्या शहरातल्या संस्थेकडे दत्तकासाठी पाठवण्यात येईल; एक कुटुंब तयार आहे. “बैठक तीन आठवड्यांनी आहे,” ते म्हणाले. “तेव्हा आपण सूची पुन्हा घेऊ. समितीसमोरच. गुण पंधराच्या खाली आले तर सोडायची शिफारस मी स्वतः करीन. तिचं वाईट व्हावं अशी माझी इच्छा आहे का?”

तशी त्यांची इच्छा नव्हती. तिथे कोणाचीच तशी इच्छा नव्हती.

महिला विभागाच्या ओसरीवर दुपारी बायका देवळांसाठी वाती वळत. पुढल्या सोमवारपासून मी तिथे एक खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसू लागलो. पाठपुराव्याच्या मुलाखती, असे मी नोंदवहीत लिहिले. सुरंगी माझ्यासमोर फरशीवर बसून वाती वळे. तिचा हात वेगळाच चाले. ती वात फाशाच्या दोरीसारखी दुहेरी पीळ देऊन करी आणि हौसाबाई तिच्या वाती बाजूला काढून ठेवत, कारण देवळातले पुजारी म्हणत की त्या जळता जळत नाहीत.

मी तिला पत्रातले एवढेच सांगितले की बैठकीत बरी ठरली तरच मुलगी मिळेल; दत्तकाचे बोललो नाही. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“मंग काय करायचं म्हनता?”

“उत्तरं बदलायची.”

“म्हंजे खोटं बोलायचं.”

“कागदाला जे पाहिजे ते बोलायचं.”

“कागदाला काय पायजे?”

“एक अशी बाई पाहिजे, जिला कुणी त्रास देत नाही. जिच्यावर कुणाचा डोळा नाही. जिला रात्री झोप लागते.”

“अशी बाई हाय कुटं?”

“असते.”

“मंग ती हितं कशाला येईल?” ती म्हणाली आणि शेजारची विजू नावाची मुलगी खो खो हसली. तिला अकरा वर्षे कोणी भेटायला आले नव्हते, पण विनोद तिला अचूक कळत.

आम्ही सुरुवात केली. पाळत ठेवतात? न्हाई. दोष देतात? न्हाई. कुजबुजतात? न्हाई. पहिल्या दिवशी ती प्रत्येक ‘न्हाई’आधी थांबे आणि जीपचा प्रश्न आला की, “पर येती की!” असे नकळत म्हणून जाई. दुसऱ्या दिवशी हौसाबाईही ओसरीच्या कडेला येऊन बसल्या. डॉक्टरांची फेरी निघाली की त्या खाकरत. चौथ्या दिवसापर्यंत बरेचसे प्रश्न बसले होते. बाकीचे मी घाईघाईने उरकले. एकदा ‘नाही’ म्हणायची गोडी लागली की पुढचे आपोआप येते, असा माझा हिशेब होता.

“एक इचारू का सायेब?”

“विचार.”

“तुमची मानसं रोजच असं न्हाई न्हाई म्हनत्यात?”

“म्हणतात.”

“दमत न्हाईत?”

“सवय होते,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. एखाद्या दूरच्या जमातीची चालरीत ऐकावी, तशी तिने ती ऐकून घेतली.

सहाव्या दुपारी मी चाळीसही प्रश्न सलग विचारले. तिचे पाच ‘हो’ आले. मी वही मिटली. मला इतका आनंद झाला होता की संध्याकाळी खोलीवर जाताना मी बाजारातून लाल रिबीन घेतली. कचेरीचे केस खरोखरच कापलेले नव्हते. बालगृहात जाऊन मी ते पाहून आलो होतो. मुलगी एका कोपऱ्यात आपल्या भाषेत एकटीच बोलत बसली होती. तिथल्या बाईंनी मला काळजीने विचारले, “हिला वाचादोष असावा का हो?”

बैठक अधीक्षकांच्या दालनात भरली. टेबलामागे डॉ. ओगले, त्यांच्या उजवीकडे निवृत्त न्यायदंडाधिकारी तात्यासाहेब गुळवणी आणि डावीकडे सह्या करण्यापुरते आलेले जिल्ह्याचे शल्यचिकित्सक, जे बहुतेक वेळ घड्याळाकडे पाहत होते. मी बाजूला सूची घेऊन बसलो. हौसाबाईंनी सुरंगीला आणले. तिने केसांना तेल लावले होते आणि इस्पितळाची साडी नीट चापून नेसली होती. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. मी तसे बजावले होते.

“बस, सुरंगी,” डॉ. ओगले म्हणाले. “घाबरू नकोस. मागे विचारले तेच प्रश्न आहेत. खरी उत्तरं द्यायची.”

तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला. “डॉक्टर, एक सुचवू का? बावीस वर्षं मी न्यायासनावर होतो. हे लोक कोर्टाची शपथ घेऊन तुम्हाला काय हवं ते सांगतील. त्यांचा दोष नाही. आपली शपथ त्यांची नाही. पण देवीची आण, हळद हातावर घेऊन आणि पोराचं नाव घेऊन घातली, तर जीव गेला तरी खोटं बोलत नाहीत. अनुभवाचे बोल आहेत. काय हो, तुम्ही अभ्यासक आहात, तुमच्या वाचनात असेल हे.”

प्रश्न मला होता.

माझ्या वाचनात ते होते. या जमातीवर जे जे छापून आले होते ते सगळे मी त्या तीन आठवड्यांत वाचले होते आणि कोणी विचारावे म्हणून वाट पाहत होतो. मी म्हणालो, “हो, तसे नमूद आहे. काही कुळांत जातपंचायतीपुढे असाच प्रकार चालतो. शपथ मोडली तर ज्याचे नाव घेतले ते मूल दगावते, अशी श्रद्धा आहे.” मला स्पष्ट आठवते, मी पृष्ठ क्रमांकसुद्धा सांगितला. वाक्य संपले तेव्हा मला कळले की मी काय सांगितले.

“उत्तम,” डॉ. ओगले प्रसन्न होऊन म्हणाले. “आपल्या पद्धती त्यांच्यावर लादतो, अशी तुमची तक्रार असते ना, नेर्लेकर? आज त्यांच्याच पद्धतीने घेऊ.”

हौसाबाईंना स्वयंपाकघरातून हळद आणायला सांगितले. त्यांना यायला फार वेळ लागला. तात्यासाहेबांना घंटी दोनदा वाजवावी लागली. वाटी टेबलावर आली. सुरंगी तिच्याकडे पाहत होती. आता तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी सूचीच्या कागदाकडे पाहिले.

“हात कर पुढे,” तात्यासाहेब मायेनेच म्हणाले. “घे देवीचं नाव. आणि मुलीचं.”

तिने ते आपल्या भाषेत म्हटले. मला त्यातला ‘कचेरी’ हा एकच शब्द समजला, कारण तो मराठीतलाही होता. मग तिने हळदीची मूठ मिटली.

“सुरू करा, नेर्लेकर.”

“लोक आपल्यावर पाळत ठेवतात, असे आपल्याला वाटते का?”

“व्हय.”

“आपण न केलेल्या गोष्टींचा दोष आपल्यावर येतो का?”

“व्हय.”

मी वाचत गेलो. ती उत्तरे देत गेली. तिचा आवाज सपाट होता. ओझे उचलून चढ चढणारा माणूस बोलतो तसा, श्वास मोजून. मी प्रत्येक ‘हो’ला खूण केली. बाराव्या प्रश्नाला डॉ. ओगल्यांनी खेदाने मान हलवली. सोळाव्याला शल्यचिकित्सकांनी लेखणीचे टोपण काढले. खरे तर तिथे थांबता आले असते, पण चाचणी अर्धवट सोडू नये असा नियम होता.

“एकतिसावा,” मी म्हणालो. “आपण काय बोलावे हे दुसरे कोणी आपल्याला शिकवते, असे आपल्याला वाटते का?”

ती थांबली. त्या दुपारी पहिल्यांदाच थांबली. मिटलेल्या मुठीच्या फटीतून हळद तिच्या मांडीवर सांडत होती. मला वाटते, ती मला वाचवायची वाट शोधत होती. ती सापडली नाही.

“व्हय.”

तात्यासाहेबांना मौज वाटली. “असं? कोण गं शिकवतं?”

“ह्ये सायेब.”

“हे? आणि काय शिकवलं त्यांनी?”

“समद्याला न्हाई म्हनायचं. म्हंजी पोरगी मिळल.”

दाराशी उभ्या हौसाबाईंनी पदर तोंडाशी धरला. डॉ. ओगले माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त नियमाप्रमाणे विचारायचे म्हणून त्यांनी विचारले, “नेर्लेकर?”

मी ‘हो’ म्हटले असते तर त्या एका शब्दाने तिचे एकतिसावे उत्तर खरे ठरले असते. आणि एक खरे ठरले की बाकीच्यांकडेही कोणाला तरी वळून पाहावे लागले असते. माझी नोकरी गेली असती, प्रबंधही गेला असता. एवढेच. मी हे तेव्हाही पुरते जाणत होतो. गोंधळलो होतो असे म्हणण्याची सोय मला नाही.

“नाही, सर,” मी म्हणालो. “तसं काही झालेलं नाही.”

“मला वाटलंच,” डॉ. ओगले हळू आवाजात म्हणाले आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिले: ‘भ्रमाच्या कक्षेत आता परीक्षकाचाही समावेश झाला आहे.’ मग मला म्हणाले, “पुढचा प्रश्न.”

एकूण पस्तीस आले. पूर्वीपेक्षा एक अधिक. विकार बळावत असल्याची नोंद झाली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे, असे ठरले. तीन सह्या झाल्या. बालगृहाला कळवायच्या पत्रावर चौथी सही माझी होती, साक्षांकन म्हणून. मुलगी सोमवारी जाणार होती.

त्या प्रबंधाला पुढे विद्यापीठाचे पारितोषिक मिळाले. त्यात सुरंगी रुग्ण क्रमांक सतरा आहे. संस्कृती आणि मनोव्यापार या विषयावर मी तीस वर्षे शिकवले, परिषदांची अध्यक्षपदे भूषवली आणि पारध्यांचे मानस हा माझा विशेष अभ्यासाचा प्रांत आहे, असे माझ्या सत्कारांत सांगितले जाई. आमच्या मानसाविषयी कोणी विचारले नाही. ते प्रमाण म्हणून गृहीतच होते.

बैठक संपल्यावर मी बाहेर आलो तेव्हा त्या दोघी ओसरीच्या नळावर होत्या. हौसाबाई नळ धरून उभ्या होत्या आणि सुरंगी हात धूत होती. पाणी पिवळे होऊन वाहत होते. ते पत्र माझ्या हातात होते. हौसाबाईंनी मला पाहिले आणि तोंड फिरवले. सुरंगीने तसे केले नाही.

“सायेब, तुमास्नी तरास झाला का माज्यापायी?”

“नाही.”

“मला खोटं बोलता येईना. पोरीचं नाव घ्याया लावलं. खोटं बोलले असते तर ती मेली असती.” तिने हात झटकले. “आता तितं हाय, पर जिती हाय.”

मला काहीतरी बोलायचे होते. मी म्हणालो, “मी आत खोटं बोललो, सुरंगी.”

“व्हय की. पर तुमास्नी कुनी शपत घातली नव्हती.” तिने ते न्यायनिवाडा करावा तसे, विचार करून सांगितले. “तुमच्यावर काय न्हाई त्येचं.”

हौसाबाईंनी नळ बंद केला. “चल गं,” त्या म्हणाल्या, “भाकरीची वेळ झाली.”

सुरंगी त्यांच्यामागून निघाली. दाराशी गेल्यावर ती वळली. त्या सबंध दिवसात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर आशेसारखे काहीतरी होते, आणि मी ते पत्र घडी करून पाठीमागे धरले.

“सायेब,” ती म्हणाली, “फुडल्या बारीला हळद नका मागवू म्हनावं त्यास्नी. बाकीचं समदं माजं पाठ हाय.”